गजाननभाऊंच्या धुऱ्यावरचं मांडूळ

एकोणतीस वर्षं मी पोटावर पडून पगार घेतला. नागपुरात शेतीच्या पुस्तिका छापणारी एक कचेरी होती, तिथे मी छायाचित्रकार होते. काम काय, तर शेतकऱ्याचे शत्रू आणि मित्र यांचे फोटो काढणं. शत्रू म्हणजे उंदीर, घूस, रानडुक्कर. मित्र म्हणजे बेडूक, सरडे, धामण, मांडूळ, मुंगूस. या मंडळींकडे उभ्याने बघितलं तर नुसती पाठ दिसते. डोळे बघायचे तर आपलं नाक त्यांच्या नाकाच्या पातळीवर न्यावं लागतं, आणि त्यासाठी खाली चिखल असो, काटे असोत की शेण असो, मुकाट्याने आडवं व्हावं लागतं. लग्न ठरताना सासूबाईंनी विचारलं होतं, मुलगी ऑफिसात काय करते. वडील म्हणाले, "फोटो काढते." पुढचं त्यांनी शहाणपणाने गाळलं.

नागपुरात हे काम सांगितलं की समोरचा पहिल्यांदा वाघाचं विचारतो. माझ्याकडे वाघाचा एकही धड फोटो नाही. एकदाच तो समोर आला, तेव्हा मी एका बेडकाच्या मागे होते आणि कॅमेऱ्याला लेन्सही बेडकाचीच लावलेली होती. वाघ निघून गेला, बेडूक थांबला. मी बेडकाचा काढला. छान आला आहे.

या धंद्यात कौशल्य लोकांना वाटतं त्याहून कमी लागतं आणि बसणं जास्त. प्राण्याला तुमची सवय होईपर्यंत बसायचं. हलायचं नाही, खाजवायचं नाही, सुगंधी साबणाने अंघोळ करून जायचं नाही. आणि एक नियम मी कधी मोडला नाही. प्राण्याला हात लावायचा नाही, त्याला जागेवरून हलवायचं नाही. तो जिथे आहे तिथे, जसा आहे तसा. नाही मिळाला फोटो तर डबा खायचा आणि पुढच्या एसटीने परत यायचं.

मिहानमध्ये, म्हणजे नागपूरच्या विमानतळाजवळच्या उद्योगवसाहतीत, एका कंपनीच्या कुंपणाबाहेर रिकाम्या जागेत एक घोरपड राहायची. मी तिच्यासाठी पालथी पडले होते, तर रखवालदार धावत आला. त्याला वाटलं, बाईला चक्कर आली. त्याने आधी माझ्या तोंडावर पाणी मारलं आणि मग विचारलं, "आता कसं वाटून राहिलं जी?" घोरपड पळाली, कॅमेरा भिजला. पण त्याचा चेहरा इतका काळजीचा होता की मी "बरं वाटतंय" म्हटलं आणि त्याने आणलेलं लिंबूपाणी पिऊन घरी आले. एका बिल्डरला जाहिरातीच्या पत्रकासाठी त्याच्या जागेवरचे प्राणी हवे होते. म्हणाला, "ससा चालेल, हरीण तर फारच छान, फक्त सरपटणारं काही नको." त्या जागेवर दोन सकाळी मला जे भेटले ते सगळे सरपटणारेच होते. मी इमानदारीत त्यांचेच फोटो दिले.

आणि एक दातांचे डॉक्टर. हौशी माणूस, लेन्स अशी की उचलायला दुसरा गडी हवा. एका रविवारी ते स्टीलचा डबा घेऊन घरी आले. डब्यात बेडूक. "फ्रिजमध्ये ठेवला होता मॅडम, आता अर्धा तास हलत नाही. तुम्ही पान निवडा, मी बसवतो." असे फोटो पुष्कळ लोक काढतात आणि बक्षिसंही मिळवतात. मी डबा काढून घेतला, बेडूक हुशार होईपर्यंत कुंडीच्या सावलीत ठेवला आणि विचारलं, "पेशंटला थंडीने आखडवून हसायला लावता का तुम्ही?" डॉक्टर रागावले. त्यानंतरची माझी दाढ मी दुसरीकडे काढून घेतली.

हे सगळं सांगते आहे ते माझा तोरा तुमच्या लक्षात यावा म्हणून. मी नियमाने वागणारी, बाकीचे खटपटे. याच तोऱ्यातून माझा आणखी एक हट्ट तयार झाला होता. लोक लांबून प्राण्याचं तोंड तेवढं टिपतात आणि मागचं सगळं धूसर होऊन जातं. त्याला मी आधार कार्डाचा फोटो म्हणायचे. माझ्या फोटोत प्राण्यासोबत त्याचं घर दिसलंच पाहिजे. झाड, माती, मागचं शिवार, सगळं स्पष्ट. त्यासाठी जवळ जावं लागतं, म्हणून हे कठीण आणि म्हणून मला त्याचा अभिमान. या अभिमानाने मी एका सरळ माणसाचं नाव मातीत घातलं.

गजाननभाऊ आणि सिंधुबाई हे जोडपं मला उंदरांवरच्या पुस्तिकेच्या वेळी भेटलं. गावाचं नाव सांगणार नाही. नागपूरहून एसटीने जाता येतं, एवढं पुरे. त्यांच्या धुऱ्यात, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधात, एक मांडूळ राहायचं. लोक त्याला दुतोंड्या म्हणतात, पण तोंड एकच असतं, दुसरी असते ती बोथट शेपटी. बिनविषारी आणि अतिशय गरीब जीव. घाबरलं की डोकं अंगाखाली लपवतं आणि शेपटी वर करतं, म्हणजे घाव बसला तरी शेपटीवर बसावा. त्यामुळे वयात आलेल्या मांडुळाच्या शेपटीवर उंदरांच्या चाव्यांचे वण असतात, आणि दोन मांडुळांचे वण कधी सारखे नसतात. घरात ठेवलं की धन येतं, या खुळापायी लोक त्याला चोरून पकडतात आणि विकतात. कायद्याने तो गुन्हा आहे.

गजाननभाऊ त्याला 'आमचा राखणदार' म्हणायचे. गावात कुणाकडे साप निघाला की हाक त्यांनाच. ते हात न लावता काठीच्या टोकाने वाट दाखवायचे आणि "चाल बापा, चाल" म्हणत त्याला शिवारात नेऊन सोडायचे. या माणसामुळे त्या गावात साप मारायची रीतच राहिली नव्हती. सात वर्षं मी पावसाळ्यात तिथे जात होते. सिंधुबाईंच्या हातची ज्वारीची भाकर आणि ठेचा खायचे, धुऱ्याशी आडवी पडायचे, कधी मांडूळ दिसायचं, कधी नाही.

सेवानिवृत्तीनंतर एका कृषी केंद्राच्या मालकाने कॅलेंडरसाठी बारा फोटो मागितले, 'शेतकऱ्याचे मित्र' म्हणून. मी माझा सगळ्यात आवडता फोटो दिला. मातीतून अर्धं बाहेर आलेलं मांडूळ, आणि मागे त्याचं घर. मागे काय काय दिसत होतं ते इथे पुन्हा लिहीत नाही, तेवढी अक्कल आता आली आहे. गावाचं नाव मी मुद्दाम छापू दिलं नव्हतं. पण कॅलेंडर मुंबईला जात नाही, ते आसपासच्या पन्नास गावांत घरोघर लागतं. त्या लोकांना नाव कशाला हवं? झाड बघितलं की ते सांगणार, हे अमक्याचं वावर. इतकी साधी गोष्ट मला सुचली नाही. मी उचललेला धोंडा पडला मात्र गजाननभाऊंच्या पायावर.

पाऊस तोंडावर असताना सिंधुबाईंचा फोन आला.

"बाई, धुरा गेला जी."

"गेला म्हणजे?"

"खोदून टाकला. पार इकडून तिकडे. सकाळी येऊन पायतो त नाली पडून हाय. चार जण तरी असन."

मी गेले. पुरुषभर लांबीचे खड्डे, मुळं उघडी पडलेली. पहिल्याच मोठ्या पावसात वरच्या शेताचं पाणी तिथून घुसलं आणि नुकतं उगवलेलं सोयाबीन घेऊन गेलं. मी माफी मागितली. गजाननभाऊ म्हणाले, "तुमी काय खोदला का? चोरानं खोदला." एवढं बोलून ते कुदळ घेऊन कामाला लागले.

तिथेच संपलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पंधरा दिवसांनी हायवेवरच्या एका धाब्यावर तीन माणसं मांडुळासकट पकडली गेली. एकाच्या मोबाइलमध्ये माझ्या कॅलेंडरचा फोटो होता. वनखात्याच्या साहेबांनी विचारलं तेव्हा त्यांनी बेधडक सांगितलं, आम्ही चोरलं नाही, शेतमालकाने स्वतःच खोदून आम्हाला विकलं. साहेबांना चौकशी करणं भाग होतं, त्यांनी गजाननभाऊंना बोलावून घेतलं. कचेरीबाहेर कुणीतरी फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात तो छापून आला. पुढे ते तिघे, बाजूला खाली मान घातलेले गजाननभाऊ, आणि वर मथळा की राखणदारच निघाला चोर.

त्या आठवड्यात गावात एका घरी साप निघाला. गजाननभाऊंना कुणी हाक मारली नाही. ठेचला. धामण होती.

हे मला सिंधुबाईंनी सांगितलं. गजाननभाऊ ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. "मी तीस वर्सं लोकायच्या घरातून साप काढले," ते म्हणाले, "अन् मलेच म्हणते, इकाले काढत होता."

मी सात वर्षांचे फोटो घेऊन वनखात्याच्या साहेबांकडे गेले. साहेब मध्यमवयीन, शांत, माणूस ऐकून घेणारा. त्यांनी पकडलेलं मांडूळ बघू दिलं. मला दोन मिनिटं पुरली. धुऱ्यावरच्या मांडुळाच्या शेपटीला डाव्या अंगाला एक तिरपा, रुंद वण आहे आणि त्याच्याखाली दोन बारीक. सातही वर्षांच्या फोटोंत तो दिसतो. या मांडुळाची शेपटी जवळपास कोरी होती.

साहेबांनी फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितले. म्हणाले, "हे ते नाही, पटलं मला. पण मग ते कुठे आहे? उद्या कुणी म्हणेल, दोन विकली. धुऱ्यातलं अजून शेतात आहे असं दाखवा, माझ्याकडून विषय संपला. मांडुळाला मात्र कुणी हात लावायचा नाही, खोदायचंही नाही."

खोदायचं नाही हे मला सांगायची गरज नव्हती. गजाननभाऊंना होती. ते कुदळ घेऊन तयार झाले. "पाच मिन्टाचं काम हाय. कुटाराच्या ढिगापासून सुरू करतो." कुटार म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, त्याचा ढीग शेताच्या कडेला होता.

"भाऊ, त्या चोरांनी काय केलं?"

त्यांनी कुदळ भिंतीला टेकवली आणि सिंधुबाईंना म्हणाले, "चाय टाक वं. बाई आता मुक्कामालेच हाय."

खरंच मुक्कामाला होते. एकसष्टावं वरीस, दोन्ही गुडघे गेलेले. लेकीने फोनवर ऐकवलं की आई, तुला वेड लागलं आहे. मी म्हटलं, लागलं असेल, पण ते उतरवायचं औषध याच शेतात आहे. मांडूळ जिवंत असेल याची खात्री मला मुळीच नव्हती. कुदळीचा एक घाव पुरतो. पण ते मेलं असेल असं धरून घरी बसायचा मला अधिकार नव्हता.

इथे मला जुनी उंदरांची पुस्तिका कामाला आली. मांडूळ शोधता येत नाही, ते मातीखाली असतं. पण ते जातं उंदरांमागे, आणि उंदरांचा पत्ता काढता येतो. त्याची रीत सोपी आहे. संध्याकाळी शेतातली सगळी बिळं ओल्या मातीने बुजवायची. सकाळी जी उघडलेली दिसतील त्यांत उंदीर राहतात, बाकीची रिकामी. सिंधुबाई आणि मी मिळून बिळं बुजवत फिरलो. त्या म्हणाल्या, "लोकायची तोंडं त बुजवता येत नाई, उंदरायची भोकं तेवढी बुजवू." सकाळी मोजणी केली. धुऱ्याकडचं एकही बीळ उघडलं नव्हतं. उघडली होती ती सगळी कुटाराच्या ढिगाभोवती. धुरा मोडल्यावर उंदरांनी बिऱ्हाड तिकडे हलवलं होतं.

मी ढिगापासून दहा हातांवर ताडपत्री अंथरली आणि आडवी झाले.

पहिले चार दिवस पाऊस थांबेना. पाचव्या दिवशी ऊन पडलं, निघाला एक विंचू. सातव्या दिवशी गावातली दोन माणसं मुद्दाम बांधावरून गेली. एक मोठ्याने म्हणाला, "आता काय पायता? माल त गेला." गजाननभाऊ विहिरीवर होते, त्यांनी ऐकलं. मी उठून त्या माणसाशी भांडले असते, पण उठले असते तर सकाळपासूनचं बसणं वाया गेलं असतं. त्या दिवशी मला समजलं की न हलता पडून राहणं हे कधीकधी भांडणापेक्षा जास्त ताकदीचं काम असतं. नवव्या दिवशी मला ताप आला. सिंधुबाईंनी काढा दिला आणि माझ्या जागी त्या स्वतः जाऊन पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा. दुपारी येऊन म्हणाल्या, "बाई, तुमचं काम लय अवघड हाय. मले त झोपच लागली."

अकराव्या दिवशी सकाळी पाऊस थांबला आणि कोवळं ऊन ढिगावर आलं. सिंधुबाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी बोट दाखवलं नाही, नुसती माझी बांगडी दाबली. ढिगाच्या कडेला, कुटार आणि माती यांच्या मधोमध, एक तपकिरी जाड दोरी हळूहळू बाहेर येत होती. आधी डोकं. मग अंग. ऊन लागलं तसं ते तिथेच पसरलं.

शेपटी अजून कुटारात होती. मला शेपटीच हवी होती. काडीने डिवचलं असतं तर त्याने ती लगेच वर केली असती, त्याचा तो स्वभावच. मी डिवचलं नाही. सिंधुबाई मागच्या मागे सरपटत घराकडे गेल्या आणि त्यांनी वनरक्षकाला फोन लावला. तो मोटारसायकलवर यायला पाऊण तास लागला. तो पाऊण तास माझ्या कोपराखाली मुंग्या होत्या आणि मी मनात एकच म्हणत होते, जाऊ नको बाबा, तुझ्यावर एका माणसाचं नाव अवलंबून आहे.

वनरक्षकाने गाडी लांब बंद केली आणि चपला काढून तो अनवाणी आला. तरी त्याचं पाऊल मांडुळाला कळलं असावं. ते पुढे सरकलं आणि शेपटी बाहेर आली. डाव्या अंगाला तिरपा रुंद वण, खाली दोन बारीक. मी नऊ फोटो काढले. पहिले तीन घाईत वाया गेले. वनरक्षकाने आधी जुना फोटो बघितला, मग मांडूळ बघितलं आणि हळूच म्हणाला, "हेच आहे." मी मागे वळले तेव्हा गजाननभाऊ विहिरीजवळ उभे होते आणि रडत होते. मीही रडले. त्यात लपवायचं काय?

साहेबांनी शब्द पाळला. त्या तिघांनी पुढे कबूल केलं की त्यांच्याजवळ सापडलेलं मांडूळ त्यांनी दुसरीकडूनच आणलं होतं. गजाननभाऊंच्या धुऱ्यात खोदूनही त्यांच्या हाती काही लागलं नव्हतं, म्हणून रागाने त्यांचं नाव घेतलं. गजाननभाऊंवर काही नाही, असं कागदावर लिहून मिळालं. सिंधुबाईंनी तो कागद वाचून दाखवायला लावला आणि विचारलं, "हे गावाले कसं कळन?"

मी त्या पेपरच्या कचेरीत गेले. दोनदा गेले. तिथला माणूस वाईट नव्हता, घाईत होता. म्हणाला, "मॅडम, यात बातमी काय आहे? माणसाने काही केलं नाही, ही बातमी होत नाही."

मी परत येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. सिंधुबाई म्हणाल्या, "तवा फोटो छापला. आता काहून नाई छापत?" मग म्हणाल्या, "तुमी काढा यायचा फोटो. तुमचे फोटो त छापते नं लोक."

आयुष्यभर मी माणसांचे फोटो काढले नाहीत. लग्नाचे तर नाहीच. पण त्या दिवशी गजाननभाऊ इस्त्रीचा सदरा घालून नव्याने बांधलेल्या धुऱ्यावर उभे राहिले आणि मी सवयीने आडवी झाले. ते म्हणाले, "मांगं वावर येऊ द्या जी. शेतकऱ्याचा फोटो अन् वावर नाई, असं कसं?" मीही इतकी वर्षं हेच म्हणत आले होते. मी त्यांना सांगितलं की वावर आलं तर पुन्हा कुणीतरी जागा ओळखेल. ते धुऱ्याकडे बघून म्हणाले, "मंग राहू द्या. माहं तोंड तेवढं सीधं येऊ द्या."

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेखासोबत रानातल्या प्राण्यांचे चार फोटो मागितले आहेत. मी एकच पाठवते आहे. त्यात गजाननभाऊ मान वर करून उभे आहेत आणि मागे नुसतं आभाळ आहे. अंक निघाला की प्रती घेऊन मी त्या गावात दारोदार जाणार आहे, गुडघे काय म्हणतील ते म्हणोत. फोटो लहान करू नये, आणि खाली एवढंच छापावं: गजाननभाऊ, शेतकरी. यांनी मांडूळ विकलं नाही.